वही उघडी आहे, वाचणार कोण?

मा. श्री. संजय मल्होत्रा,
गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक,
शहीद भगतसिंग मार्ग, फोर्ट, मुंबई.

महोदय,



देशातल्या बँकांची संकेतस्थळं ‘बँक डॉट इन’ या एकाच नावाखाली आणण्याचा निर्णय आपण फेब्रुवारी २०२५च्या पतधोरणासोबत जाहीर केलात. त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ची मुदत दिलीत आणि नोंदणीचं काम हैदराबादच्या आयडीआरबीटीकडे, म्हणजे रिझर्व्ह बँकेनेच स्थापन केलेल्या संस्थेकडे सोपवलंत. मी लालबागची रहिवासी आहे, सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात काम करते. परळ-लालबागच्या घरांतली आयुष्यभराची पुंजी आजही मोठ्या प्रमाणावर सहकारी बँकांमध्ये आहे. ज्या पिढीने पासबुकावर विश्वास ठेवला, तिच्या हातात आता मोबाइल आहे. नुसत्या नावावरून खरी बँक ओळखता यावी, ही सोय या माणसांसाठी फार मोलाची आहे. हा निर्णय मला मनापासून पटला, म्हणूनच त्याची पुढची पायरी रिझर्व्ह बँकेने चढावी, अशी विनंती करायला हे पत्र लिहिते आहे.

संकेतस्थळाचं नाव खरं आहे, हे ब्राउझर ठरवतो तो एका डिजिटल प्रमाणपत्रावरून. अशी प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्था जगभर आहेत. त्यांपैकी कुठलीही एक संस्था, चुकीने किंवा तिच्या यंत्रणेत कुणी शिरल्यामुळे, आमच्या बँकेच्या नावाचं प्रमाणपत्र भलत्याच्या हाती देऊ शकते. तो भलता माणूस मग ग्राहक आणि बँक यांच्या मध्ये बसून पासवर्ड वाचू शकतो आणि ब्राउझर धोक्याची सूचनाही देत नाही. २०११मध्ये नेदरलँड्समधल्या डिजिनोटार या संस्थेतून पाचशेहून अधिक खोटी प्रमाणपत्रं निघाली आणि इराणमधल्या नागरिकांवर पाळत ठेवायला त्यांतलं एक वापरलं गेलं.

आपल्याकडेही हे घडलेलं आहे. २ जुलै २०१४ला गूगलच्या लक्षात आलं की त्यांच्या डोमेनची अनधिकृत प्रमाणपत्रं बाहेर आहेत आणि ती आपल्या नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटरच्या (एनआयसी) यंत्रणेतून दिली गेली आहेत. एनआयसीच्या प्रमाणपत्रांमागे भारत सरकारच्या कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग ऑथॉरिटीजचं मूळ प्रमाणपत्र होतं. ते मायक्रोसॉफ्टच्या विश्वासार्ह प्रमाणपत्रांच्या यादीत असल्यामुळे विंडोजवरचे वापरकर्ते धोक्यात आले. कंट्रोलर कार्यालयाने दुसऱ्याच दिवशी एनआयसीचे अधिकार रद्द केले, ही तत्परता कौतुकाचीच. पुढे चौकशीचा निष्कर्ष आला: एनआयसीच्या प्रक्रियेत घुसखोरी झाली होती आणि चुकीची प्रमाणपत्रं चार होती, तीन गूगलची आणि एक याहूचं. त्यावर गूगलने जाहीरपणे सांगितलं की या चारांत न मोडणारी प्रमाणपत्रंही आम्हाला ठाऊक आहेत. क्रोमने मग भारताच्या मूळ प्रमाणपत्रावरचा विश्वास फक्त सात डोमेनपुरता ठेवला. त्या सातांत रिझर्व्ह बँकेचं डोमेन होतं.

मग ती चार होती की जास्त? त्या प्रमाणपत्रांची सगळ्यांना पाहता येईल अशी नोंद नसल्यामुळे याचा निवाडा नागरिकाला करता आला नाही, पत्रकाराला नाही आणि बँकेलाही नाही.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत काय झालं ते पाहा. सप्टेंबर २०१५मध्ये प्रमाणपत्रं देणाऱ्या सिमँटेक या कंपनीच्या एका उपकंपनीने गूगलच्या नावाचं प्रमाणपत्र परवानगीशिवाय तयार केल्याचं उघड झालं. कंपनीने चौकशी करून २३ चाचणी प्रमाणपत्रांचा हिशेब दिला. पण तोवर सार्वजनिक नोंदी सुरू झाल्या होत्या. त्या चाळून गूगलने आणखी संशयास्पद प्रमाणपत्रं दाखवून दिली. सिमँटेकला पुन्हा मोजावं लागलं, तेव्हा ७६ डोमेनची आणखी १६४ आणि कधी नोंदलीच न गेलेल्या डोमेनची २,४५८ प्रमाणपत्रं निघाली. एवढ्या मोठ्या कंपनीला स्वतःचा हिशेब दुरुस्त करावा लागला, कारण वही तिच्या एकटीच्या ताब्यात नव्हती.

सार्वजनिक नोंदींच्या या व्यवस्थेचं नाव सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सी. बेन लॉरी, ॲडम लँगली आणि एमिलिया कॅस्पर यांनी लिहिलेला तिचा आराखडा २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. आमच्याकडची गणेशोत्सव मंडळं वर्गणीची पावती फाडतात आणि देणगीदारांची यादी मंडपाबाहेर फलकावर लावतात. पावती हातात असलेल्या कुणालाही आपलं नाव फलकावर आहे का, हे पाहता येतं. इथेही तसंच आहे. प्रमाणपत्र लॉगमध्ये, म्हणजे सार्वजनिक नोंदवहीत, नोंदवलं की पावती मिळते. ठरलेल्या लॉगच्या पावत्या नसतील, तर ब्राउझर ते प्रमाणपत्र स्वीकारत नाही. क्रोमने एप्रिल २०१८नंतरच्या सगळ्या प्रमाणपत्रांना ही अट लावली, त्याच वर्षी ॲपलने, आणि २०२५मध्ये फायरफॉक्सने. शिवाय प्रत्येक नोंद गणिताने आधीच्या नोंदींशी बांधलेली असते, त्यामुळे मागचं पान गुपचूप बदलता येत नाही. ‘यती २०२२’ नावाच्या लॉगमध्ये २०२१ साली एक, फक्त एक, बिट उलटा पडला. पडताळणी करणाऱ्यांना ते लगेच दिसलं आणि तो लॉग पुढच्या नोंदींसाठी बंद करावा लागला.

म्हणजे ‘बँक डॉट इन’खालच्या बँकांची प्रमाणपत्रं आजही या जागतिक वहीत उमटत आहेत. अडचण वाचणाऱ्याची आहे. लॉग चुकीचं प्रमाणपत्र थांबवत नाही, तो ते फक्त दाखवतो. मोठ्या बँकेकडे रोज नजर ठेवायला माणसं असतात. शामराव विठ्ठल (१९०६), एनकेजीएसबी (१९१७), सारस्वत (१९१८) यांनी मुंबईत रुजवलेल्या सहकारी परंपरेतल्या ज्या बँका आज छोट्या आहेत, दोन-चार शाखांच्या आहेत, त्यांनी हे कुणाच्या भरवशावर करायचं? आणि काम वाढतच जाणार आहे. प्रमाणपत्राची कमाल मुदत मार्च २०२६पासून २०० दिवस, मार्च २०२७पासून १००, आणि १५ मार्च २०२९पासून अवघे ४७ दिवस ठरली आहे.

म्हणून हे वाचन रिझर्व्ह बँकेने अंगावर घ्यावं. आयडीआरबीटीला सांगावं की ‘बँक डॉट इन’खाली निघालेलं प्रत्येक प्रमाणपत्र, ते देणारी संस्था आणि तारीख एका सार्वजनिक पानावर मांडा आणि अनोळखी नोंद दिसताच त्या बँकेला त्याच दिवशी कळवा. यासाठी महागडं काही विकत घ्यावं लागत नाही. लॉग चालवणारं ट्रिलियन, नजर ठेवणारं सर्टस्पॉटर, कमी खर्चात लॉग चालावा म्हणून २०२४मध्ये आलेलं सनलाइट, या सगळ्यांचा मूळ कोड खुला आहे. तो कुणीही वाचावा, तपासावा, वापरावा. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधल्या विद्यार्थ्यांच्या हाती दिला, तर कामाचा नमुना तेही उभा करतील. जोडीला, आपल्या नावाचं प्रमाणपत्र कुठल्या संस्थेने द्यावं, हे डोमेनच्या नोंदीत लिहून ठेवायची सोय आहे. तिला सीएए म्हणतात. ती प्रत्येक बँकेला बंधनकारक करावी.

एक आक्षेप रास्त आहे: सार्वजनिक नोंदीत बँकेच्या अंतर्गत सर्व्हरची नावंही उघडी पडतात. पण ती आजही पडतातच, आणि हल्लेखोर ती वाचतातच. चाचणीच्या यंत्रांना कशी नावं द्यावीत, हे बँकांना शिकवणं हाच त्यावर उपाय आहे. याच वाचनाचा आणखी एक फायदा मला सर्वांत मोठा वाटतो. बँकेच्या नावाशी मिळतंजुळतं नाव घेऊन कुणी बनावट संकेतस्थळ उभारतो, तेव्हा त्यालाही प्रमाणपत्र लागतं, आणि ते नाव सहसा पहिला ग्राहक फसण्याआधीच लॉगमध्ये येतं. दादर-परळच्या ज्येष्ठांना लुबाडणाऱ्या लिंकवर तेवढ्या वेळात कारवाई होऊ शकते.

पतधोरणाची पुढची बैठक जवळच असेल. तिच्या निवेदनात या पानाची तारीख जाहीर करावी, एवढीच विनंती आहे.

आपली,
लालबागची एक ठेवीदार