बाय ज्युयीची म्हातारी : एका दंतकथेचा प्रतिवाद

१/ थांग काळातील चिनी कवी बाय ज्युयी (इ.स. ७७२–८४६) याचे नाव निघाले की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. तो म्हणे प्रत्येक कविता एका निरक्षर म्हातारीला वाचून दाखवी आणि तिला न कळलेले शब्द बदली. ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. प्रत्यक्षात ती कवीवर अन्याय करते.

२/ ही कथा आढळते ती सोंग काळातील टिपणांत, म्हणजे कवीच्या मृत्यूनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी. त्याच सोंग काळात सू शीसारख्या थोर कवीने बायला ‘ग्राम्य’ ठरवले. एकाने प्रेमाने, दुसऱ्याने तुच्छतेने. पण दोघांनीही त्याच्या सुबोधतेतील धार काढून घेतली.

३/ सुबोधतेचे कारण कवीने स्वतःच नोंदवले आहे. इ.स. ८०९च्या सुमाराच्या ‘नवी युएफू’ या ५० कवितांच्या प्रस्तावनेचा आशय असा : शब्द सरळ आहेत, कारण ऐकणाऱ्याला ते चटकन उमगावेत, आणि या कविता राजा, मंत्री व प्रजा यांच्यासाठी आहेत, केवळ साहित्यासाठी नव्हेत.

४/ त्या काळी बाय दरबारात होता आणि सम्राटाच्या चुका दाखवणे हे त्याच्या पदाचे कर्तव्यच होते. तेव्हा त्याचा पहिला श्रोता कोण, हे वेगळे सांगायला नको.

५/ त्यांतली कोळसेविक्या म्हाताऱ्याची कविता पाहा. अंगावर पुरते कपडे नाहीत, तरी कोळशाला भाव यावा म्हणून तो थंडीच मागतो. राजवाड्याचे खोजे येतात, गाडीभर कोळसा नेतात आणि मोबदला म्हणून थोडे रेशमी कापड बैलाच्या डोक्याला बांधतात. कविता तिथेच संपते. अलंकारांच्या आडून सांगितले असते, तर दरबाराला ‘अर्थ कळला नाही’ म्हणता आले असते. इथे ती सोय नाही.

६/ याची किंमत? इ.स. ८१५ मध्ये प्रधान वू युआनहेंगची राजधानीत भररस्त्यात हत्या झाली. मारेकऱ्यांना पकडा, असा अर्ज बायने तत्काळ केला. आता तो युवराजाच्या सेवेत होता. अधिकार नसताना बोलला, हा ठपका आला. वर आणखी एक : आई विहिरीत पडून वारली असता याने फुलांवर आणि नव्या विहिरीवर कविता केल्या! त्याची रवानगी दूर जियांगझोऊला झाली.

७/ त्याच साली मित्र युआन झेनला लिहिलेल्या पत्रात तो खंत करतो की लोकांना आवडते ‘शाश्वत दुःखाचे गीत’ आणि तत्सम रचना. ज्यांना तो स्वतः मोल देतो त्या टीकात्मक कविता मागे पडतात.

८/ आक्षेप येईल : पुढे तो मवाळ झाला. खरे आहे, उत्तरायुष्य लोयांगमध्ये स्वस्थतेत गेले. पण हांगझोऊचा प्रशासक असताना त्याने तळ्याचा बांध घातला आणि इ.स. ८२४ मध्ये पाणीवाटपाचे नियम शिळेवर कोरवले : पातळी किती उतरली की किती शेत भिजते, इथपर्यंत. मागून येणाऱ्या अधिकाऱ्याला सबब उरू नये, इतके ते स्पष्ट आहेत.

९/ म्हणून ‘सोपा कवी’ म्हणून त्याची बोळवण करू नका. दुर्बोधतेला खोली समजणाऱ्यांनी एवढेच आठवावे : या माणसाला शिक्षा झाली ती त्याचे म्हणणे सर्वांना कळले म्हणून.