एका नोकरीत न मावणारी नोंद

चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये आपली पहिली छायाचित्रे प्रसिद्ध केली, तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी त्यांचे कौतुक केले आणि ते योग्यच होते. ३२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा, दहा वर्षांची पाहणी आणि दर काही रात्रींनी सगळ्या दक्षिण आकाशाचे नवे चित्र! ती बातमी वाचून माझे एक स्नेही म्हणाले, "आता दुर्बिणीला डोळा लावून बसणाऱ्यांनी खुशाल घरी जावे." मी छत्तीस वर्षे बँकेत काढली. शाखेत संगणक आले तेव्हा हेच वाक्य आम्ही स्वतःविषयी ऐकले होते. त्यामुळे या वाक्यावर माझा चटकन विश्वास बसत नाही.

विश्वास का बसत नाही, हे सांगायला एका विशिष्ट जातीच्या ताऱ्यांकडे जावे लागेल. त्यांना तेजस्वी निळे रूपविकारी तारे म्हणतात. सूर्याच्या कितीतरी पट वस्तुमान आणि लाखो पट तेज, असा यांचा थाट. सूर्याचे आयुष्य सुमारे १००० कोटी वर्षांचे. हे मात्र काही दशलक्ष वर्षांतच सारी पुंजी उधळून मोकळे होतात. गुरुत्वाकर्षण ताऱ्याला आत खेचते आणि त्याच्या स्वतःच्या प्रकाशाचा दाब बाहेर ढकलतो. या ताऱ्यांत हा ताळा अगदी काठावर जमलेला असतो. तो अधूनमधून बिघडतो. मग तारा फुगतो, त्याचा पृष्ठभाग निवतो, आपल्याला तो अधिक ठळक दिसू लागतो, आणि काही वर्षांनी पुन्हा मावळल्यासारखा होतो. केव्हा केव्हा तर तो आपली बाहेरची आवरणेच अवकाशात भिरकावून देतो.

आपल्या आकाशगंगेत असे तारे थोडे आहेत, आणि धुळीच्या पडद्यामुळे त्यांची अंतरे नीट कळत नाहीत. म्हणून शेजारच्या दीर्घिकांकडे पाहायचे. सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी आणि तिच्याहून थोडी दूर असलेली, त्रिकोण तारकासमूहातील 'एम ३३'. तिथले सगळे तारे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर, त्यामुळे तुलना सोपी. एडविन हबल आणि ॲलन सँडेज यांनी १९५३ साली या दोन दीर्घिकांतील अशा पाच ताऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी सुमारे चाळीस वर्षांत जमलेल्या छायाचित्रांच्या काचा त्यांनी धुंडाळल्या होत्या. त्याच वर्षी हबल वारले.

त्या पाचांपैकी 'सी' नावाचा तारा १९४० च्या दशकात उजळला, पुन्हा १९८० च्या दशकात उजळला आणि मग २०१३ मध्ये. त्याच्या मोठ्या उद्रेकांचे आवर्तन साधारण ४२ वर्षांचे असावे, असा अंदाज आहे. माझी नोकरी छत्तीस वर्षांची. म्हणजे रुजू झालेल्या दिवशी तो ऐन भरात असता, तर पुढचा भर पाहण्याआधीच माझा निरोपसमारंभ उरकला असता! रुबिन वेधशाळेच्या पाहणीची दहा वर्षे या आवर्तनाचा चौथा हिस्साही भरत नाहीत. हे काम एका माणसाचे नाही आणि एका प्रकल्पाचेही नाही. ते रोजकीर्दीसारखे आहे. लिहिणारे हात बदलतील, पाने मात्र सलग हवीत.

पाने गहाळ झाली की काय होते? सुमारे साडेसात कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका लहानशा दीर्घिकेत असाच एक तारा असल्याच्या खुणा २००१ ते २०११ या काळात शास्त्रज्ञांना मिळाल्या होत्या. २०१९ मध्ये पुन्हा पाहिले, तर त्या खुणा नाहीशा! तारा स्फोटाविनाच कोसळून कृष्णविवर झाला, की फक्त मंदावून धुळीआड गेला? मधल्या वर्षांची सलग नोंद नसल्यामुळे याचा निकाल लावणे अवघड होऊन बसले.

पुण्याला हा धडा नवा नाही. आज ज्याला आपण सीओईपी म्हणतो, त्या पूर्वीच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात १८८८ साली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा सुरू झाली. भावनगरच्या महाराजांनी दिलेली देणगी, तितकीच सरकारी मदत आणि प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला यांची जिद्द, यांतून ती उभी राहिली. तिथली वीस इंची दुर्बीण पुढे बराच काळ देशातील सर्वांत मोठी होती. १९१२ मध्ये नायगामवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि उपकरणे कोडाईकनालला गेली. माणूस घरी गेला आणि त्याच्याबरोबर खातेही बंद झाले.

याच्या अगदी उलट गोष्ट बंगालमधील जेसोरची. तिथल्या सरकारी खजिन्यात साधी नोकरी करणारे राधागोविंद चंद्र रात्री रूपविकारी तारे पाहत. त्यांनी ३७ हजारांहून अधिक नोंदी अमेरिकेतील रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या संघटनेकडे पाठवल्या. त्या संघटनेने त्यांना वापरायला दुर्बीणही धाडली. दिवसा नाणी मोजणारा हा माणूस रात्री ताऱ्यांचे तेज मोजत होता. तो गेला, पण नोंदी त्या संघटनेच्या दप्तरी राहिल्या. एका बँकवाल्याला यापेक्षा अधिक कशाचे अप्रूप वाटावे?

पुण्याने १९१२ पासून काही शिकले का? निम्मे शिकले. जयंत नारळीकरांनी १९८८ साली उभी केलेली 'आयुका' ते २००३ मध्ये संचालकपदावरून उतरल्यावरही चालत राहिली, आणि मे २०२५ मध्ये ते गेल्यावरही चालू आहे. तिची दोन मीटरची दुर्बीण २००६ साली जुन्नरच्या बाजूला गिरवलीच्या डोंगरावर उभी राहिली. हौशी निरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ पासून पुण्यात आहे. शिवाय चिलीतून देवयानी क्षितिजालगतच राहते. आपल्याकडे पावसाळा सरला की ती जवळजवळ डोक्यावरून जाते. पालोमार आणि लडाखमधील हानले येथील यंत्रे उत्तर आकाश टिपतात, हे खरे. पण यंत्रांनाही मुदत असते आणि अनुदानालाही. दोन-तीन डझन ताऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्या चालणारी खतावणी पुण्यातील संस्था, महाविद्यालये आणि हौशी मंडळी मिळून सहज ठेवू शकतील. आजच्या कॅमेऱ्यांमुळे काळोख्या जागेवरून आठ-दहा इंची दुर्बिणीलाही ते जमते.

अडचण आहे ती 'काळोख्या' या शब्दात. हे तारे नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्याहून सुमारे दहा हजार पट अंधुक. कोथरूडच्या माझ्या गच्चीवरून तर आता देवयानीचा पुंजकाही दिसत नाही. शहराचा उजेड आता उत्तरेकडे सरकतो आहे. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला बाधा येईल, म्हणून पुणे-नाशिक रेल्वेच्या आखणीचा फेरविचार होऊ शकतो. २०२४ मध्ये पेंचच्या जंगलाला काळोख्या आकाशाचे उद्यान म्हणून मान्यता मिळू शकते. मग गिरवलीच्या परिसरात खाली तोंड केलेले दिवे लावायचा नियम का होऊ नये? त्याला पैसा फारसा लागत नाही, फक्त ठराव लागतो.

'सी' ताऱ्याचा पुढचा भर, अंदाज खरा ठरला तर, २०५० नंतर केव्हातरी येईल. तेव्हा मी नसेन. प्रश्न एवढाच, की त्या रात्रीची नोंद करायला पुण्याजवळ काळोख शिल्लक असेल का?