आवणीची रजा



आवणीचे दिवस आले की बोईसरच्या कारखान्यांत रजेच्या अर्जांचा ढीग पडतो. कोणाची आजी वारते, कोणाच्या पोरीला ताप भरतो. आजी मागल्या आषाढातही वारली होती हे सुपरवायझरला ठाऊक असते. तो हसतो आणि सही करतो, किंवा करत नाही. खरे कारण लिहायची सोयच नाही. रोप पंचवीस दिवसांचे झाले, चिखल तयार आहे, आता आठवडा गेला तर फुटवा धरणार नाही, असा अर्ज कोणत्या कारखान्यात चालतो? म्हणून माणूस आजीला पुन्हा मारतो.

आपल्या भागात दोन घड्याळे चालतात. एक पावसाचे, ते बापजाद्यांपासूनचे. दुसरे भोंग्याचे. 1969 साली तारापूरला अणुवीज सुरू झाली, मागोमाग औद्योगिक वसाहत वाढली. पास्थळ, सरावली, कोलवडे, कुंभवली, सालवड या गावांतली माणसे डबा घेऊन पाळीवर जाऊ लागली. 2013 च्या एप्रिलात लोकल डहाणूपर्यंत आली, तेव्हा पालघरचा माणूस मुंबईच्या घड्याळालाही बांधला गेला. शेत मात्र सुटले नाही. कोणाचे वीस गुंठे, कोणाचे दोन एकर. रातपाळी करून आलेला माणूस चहा पिऊन थेट बांधावर जातो आणि दुपारी दोन तास डोळा लागला तर नशीब समजतो.

अशा माणसाला हल्ली सांगतात की कामाचा आणि आयुष्याचा तोल सांभाळा. काही कारखान्यांत त्यावर व्याख्यानेही होतात म्हणे. ताण घेऊ नका, लवकर निजा, घरच्यांना वेळ द्या. सल्ला चांगला आहे, त्याला आमचे काही म्हणणे नाही. पण बारा तासांची ड्युटी आणि दीड एकराची आवणी यांच्या मधे निजायचे कधी, हे व्याख्याता सांगत नाही.

आम्ही एका घरी बसून आठवड्याच्या तासांचा हिशेब मांडला. नवरा ठेकेदाराकडे, बायको शेतात आणि घरात. नवऱ्याचे कारखान्यातले तास पटापट निघाले, कारण ते हजेरीपुस्तकात असतात. शेतातले थोडे आठवून सांगितले. बायकोचा रकाना आला तेव्हा भाऊ म्हणाले, "स्वयंपाकपाणी कशाला धरता, ते तर असतेच." वहिनी काही बोलल्या नाहीत, चुलीत लाकूड सारत राहिल्या. पहाटे साडेचारला उठणे, नवऱ्याचा डबा, गुरे, मुलांची शाळा, राबातून रोप खणून मुठी बांधणे, दिवसभर वाकून आवणी, संध्याकाळी पुन्हा चूल. रकाना भरला तेव्हा नवऱ्याच्या तासांहून तो मोठा निघाला. त्याला साप्ताहिक सुट्टी नव्हती आणि त्याखाली लिहायला रुपयाचा आकडाही नव्हता. भाऊ बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले होते.

कारखान्यातल्या तासांना निदान कायद्याची वेस होती. 1948 च्या कारखाना कायद्याने आठवड्याला 48 तास आणि दिवसाला 9 तास ठरवले, त्यावरच्या कामाला दुप्पट दराने मजुरी ठरवली. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा 12 तासांपर्यंत नेण्याला मान्यता दिली. कामगाराची संमती घेऊन, असे त्यात म्हटले आहे. ठेकेदाराच्या माणसाची संमती म्हणजे काय असते ते आम्ही सांगायला नको.

पण शेतकरी जादा पाळी मागून का घेतो, हेही बघितले पाहिजे. हौस म्हणून नव्हे. 2025-26 च्या खरिपासाठी साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला 2369 रुपये ठरला, आणि उत्पादनखर्च सरकारने 1579 धरला. त्या खर्चात घरच्या माणसांची मजुरी आहे, असे सांगतात. ती देशभराच्या सरासरीची. आपल्या उताराच्या लहान लहान खाचरांत आवणी हाताने, कापणी हाताने, झोडणीही पुष्कळदा हातानेच. वहिनींचे तास त्या सरासरीत बसत नाहीत. शेताने वहिनींच्या तासांचे मोल दिले असते तर भाऊंनी डबल ड्युटी केली नसती. तोल बिघडतो तो इथे, निजण्याच्या वेळेत नाही.

या जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. 1945 साली गोदावरी परुळेकरांबरोबर वारली उठले ते वेठबिगारीविरुद्ध. वेठ म्हणजे आधी मालकाच्या शेतात राबायचे, मग वेळ उरला तर आपले. पाऊस कोणासाठी थांबत नाही, त्यामुळे आपली आवणी मागे पडायची आणि पीक बुडायचे. आजची पाळी म्हणजे वेठ नव्हे, पगार मिळतो, सोडून जाता येते. पण आपले शेत सगळ्यांत शेवटी, हे दुखणे जुनेच आहे.

तरीही हे लोक शेत विकत नाहीत. जमिनीला भाव आला असूनही नाही. रातपाळीवाल्या एकाला आम्ही विचारले, तर तो म्हणाला की कारखान्यात आठ वर्षे काम करतोय, पण तिथून काय तयार होऊन बाहेर जाते ते अजून नीट कळलेले नाही. खळ्यावरचा भात मात्र स्वतःच्या हाताने मोजता येतो. यावर आम्हाला काही जोडायचे नाही.

दोन गोष्टी मात्र आपल्या हातातल्या आहेत. सावड मोडली ती पाळ्यांमुळे, तेव्हा ती पाळ्यांप्रमाणेच पुन्हा बांधता येईल. पहिल्या पाळीवाल्यांनी दुपारनंतर एकाचे शेत घ्यावे, रातपाळीवाल्यांनी सकाळी दुसऱ्याचे. आणि आवणीची चार दिवसांची रजा खऱ्या कारणाने, सर्वांनी मिळून मागावी.

दुसरी गोष्ट आमच्याच चुकीची. आमच्या बैठका आजवर संध्याकाळी सातला होत आल्या, नेमक्या चुलीच्या वेळी. बहिणी येत नाहीत अशी तक्रार आम्हीच करत होतो. या खेपेस बैठक दुपारी दोनला आहे. जेवण पुरुष मंडळी रांधतील. भात आणि वाल एवढेच ठरले आहे. ज्यांना रांधता येते त्यांनी अकरालाच यावे, ज्यांना येत नाही त्यांनी लाकूडफाटा आणावा.