विश्लेषण : सोन्याच्या भावाने विकलेले सिलिकॉन ‘ड्यूपॉन्ट’च्या हातून का निसटले?

वाळूत मुबलक सापडणारे सिलिकॉन १९५४ मध्ये अमेरिकेत पाउंडाला ५०० डॉलर दराने विकले गेले. तेव्हा सोन्याचा सरकारी भाव औंसाला ३५ डॉलर, म्हणजे पाउंडाला जेमतेम ५१० डॉलर होता. विकणारी कंपनी होती ड्यूपॉन्ट. इलेक्ट्रॉनिक्ससाठीच्या अतिशुद्ध सिलिकॉनची बाजारपेठ जवळपास तिनेच उभी केली, पण साठचे दशक उजाडल्यावर थोड्याच काळात ती या धंद्यातून बाहेर पडली.

रंगांच्या कारखानदाराकडे सिलिकॉन कसे आले?

दुसऱ्या महायुद्धात रडारच्या सूक्ष्मलहरी टिपणे निर्वात नळ्यांना जमेना. त्याऐवजी सिलिकॉनच्या तुकड्याला टेकवलेली बारीक तार, म्हणजे स्फटिक डिटेक्टर, वापरात आला. मात्र पोलाद कारखान्यांसाठी बनणारे सिलिकॉन इतके गढूळ होते की एक डिटेक्टर दुसऱ्यासारखा चालत नसे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात फ्रेडरिक साइट्झ यांचा गट या प्रश्नावर काम करत होता. त्याला उत्तर मिळाले ड्यूपॉन्टच्या रंगद्रव्य विभागातील सी. मार्कस ओल्सन यांच्याकडून. पांढऱ्या रंगासाठी टायटॅनियमची क्लोराइडे हाताळणाऱ्या या विभागाला सिलिकॉन टेट्राक्लोराइड काही परके नव्हते. त्याची वाफ जस्ताच्या वाफेबरोबर सुमारे ९५० अंश सेल्सियसला नेली की जस्त क्लोरीन ओढून घेते, जस्ताचे क्लोराइड वाफेच्या रूपात निघून जाते आणि सिलिकॉनच्या सुया मागे उरतात. युद्धकाळात रडारसाठी याच सुया गेल्या.

मग ट्रान्झिस्टर आला...

१९४७ चा पहिला ट्रान्झिस्टर जर्मेनियमचा होता. जर्मेनियम ९३८ अंशांना वितळते, सिलिकॉन १४१४ अंशांना. इतक्या तापमानाला वितळलेले सिलिकॉन ज्या भांड्यात ठेवावे त्या भांड्यातलेच काही ना काही ओढून घेते. त्यामुळे बहुतेकांनी सोपी वाट धरली. पण जर्मेनियमची उपकरणे ७०-७५ अंशांपुढे बिघडत आणि लष्कराला ते परवडणारे नव्हते. तेलसाठ्यांच्या शोधाच्या व्यवसायातून वर आलेल्या डॅलसच्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने ड्यूपॉन्टचे महागडे सिलिकॉन घेतले. मे १९५४ मध्ये डेटन येथील परिषदेत गॉर्डन टील यांनी रेकॉर्ड प्लेयरचा अॅम्प्लिफायर गरम तेलात बुडवून दाखवला. जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरवर चालणारे गाणे बंद पडले, सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरवरचे सुरू राहिले. सिलिकॉनची याहून चांगली जाहिरात कुठल्या विक्री विभागाला सुचली नसती.

शुद्धता विकायची कशी?

हा माल इतर रसायनांसारखा नव्हता. अब्जावधी अणूंमागे एखाद-दुसरा परका अणू शोधणे त्या काळच्या रासायनिक पृथक्करणाच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून नमुन्याचा स्फटिक ओढायचा, त्याचा विद्युतरोध मोजायचा आणि त्यावरून प्रत ठरवायची. म्हणजे मालाचा खरा परीक्षक ग्राहकच होता आणि त्याची अपेक्षा दरवर्षी वाढत होती. आज उत्तम ठरलेला माल उद्या दुय्यम ठरे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने तर पुढे स्वतःच सिलिकॉन बनवायला घेतले.

अडचण बोरॉनची होती. वितळलेले सिलिकॉन हळूहळू गोठवले की बहुतेक अशुद्धी द्रवात मागे राहतात. बोरॉन मात्र घन आणि द्रव या दोन्हींत जवळपास सारखाच वाटला जातो. एकदा सिलिकॉनमध्ये शिरला की तो अशा गोठवण्याने फारसा निघत नाही. त्याला आधीच, सिलिकॉन वायुरूप संयुगात असताना, अडवावे लागते.

ड्यूपॉन्ट मागे कुठे पडली?

उत्तर बव्हेरियातल्या प्रेट्झफेल्ड येथून आले. तिथे एबर्हार्ड श्पेन्के यांच्या सीमेन्स-शुकर्ट गटाला मोठ्या विद्युतदाबाचे रेक्टिफायर बनवायचे होते आणि त्यांना लागणारी शुद्धता ट्रान्झिस्टरपेक्षाही कडक होती. त्यांनी ट्रायक्लोरोसिलेन निवडले. ते सुमारे ३२ अंशांना उकळते, त्यामुळे ऊर्ध्वपातनाने पुन्हा पुन्हा गाळता येते. मग सिलिकॉनच्याच बारीक कांड्या विजेने सुमारे ११०० अंशांपर्यंत तापवायच्या आणि हायड्रोजनच्या साथीने त्यांच्यावर सिलिकॉनचा थर चढवायचा. भांड्याच्या भिंती थंडच राहतात, तापलेले सिलिकॉन फक्त सिलिकॉनलाच टेकते. शिवाय तयार होणारी कांडी अधांतरी वितळवून आणखी शुद्ध करण्यास सोयीची. क्वार्ट्झच्या पात्रात जस्ताच्या वाफेसोबत बनणाऱ्या सुयांना ही सोय नव्हती. जस्ताच्या पद्धतीला वर्षानुवर्षे पैलू पाडत राहणे, हीच ड्यूपॉन्टची चूक म्हणायला हवी. पहिला नफा देणारी यंत्रे मोडीत काढायला कोणताही कारखानदार सहसा धजावत नाही.

सीमेन्सने तंत्राचे परवाने इतरांना दिले, हा व्यवहारही तितकाच महत्त्वाचा. बव्हेरियातल्या बुर्गहाउझेनची रसायन कंपनी वाकर याच वाटेने मोठी झाली. अमेरिकेत मिशिगनमधील हेमलॉक येथे डाऊ कॉर्निंगनेही ट्रायक्लोरोसिलेनचाच मार्ग धरला. ड्यूपॉन्टने उत्तर कॅरोलिनातील ब्रेव्हार्डजवळ सिलिकॉनसाठी उभारलेल्या कारखान्यात पुढे क्ष-किरणांच्या फिल्म बनू लागल्या. बुर्गहाउझेन आणि हेमलॉक येथे मात्र आजही तापलेल्या कांड्यांवर सिलिकॉनचा थर चढतो आहे.