डिसेंबरातली नात

आमच्या नातीचा जन्म डिसेंबरचा. येत्या जूनला तिला ज्युनिअर के.जी.त घालावे की वर्षभर थांबावे, यावर घरात खल चालू आहे. २०२० साली महाराष्ट्राने वयाची सीमारेषा ३० सप्टेंबरवरून ३१ डिसेंबरवर नेली. त्यामुळे डिसेंबरातले मूल साडेपाचाव्या वर्षीच पहिलीत बसू शकते आणि त्याच बाकावर जानेवारीतले, म्हणजे जवळजवळ वर्षाने मोठे मूल असते. माझ्या वयाला वर्षाचे काय! साडेतीन वर्षांच्या पोरीला ते फार मोठे.

पूर्वी जन्मतारीख ठाऊक नसली की हेडमास्तर १ जून लिहून मोकळे होत. (आमच्या बँकेत दर ३१ मेला निवृत्तीचे हार कमी पडत, ते त्यामुळेच.) मूल अंगापिंडाने शाळेजोगे झाले की नाही, हे मात्र ते पाहत.

मुलगा म्हणतो, वर्ष फुकट जाईल. नात अजून पेन्सिल मुठीत धरते, दुपारी बसल्या जागी पेंगते. आईवडील दोघे नोकरीला आणि घरी कुणी नाही, त्यांना ‘थांबा’ सांगणे मला जमणार नाही. त्यांना शाळा हेच पाळणाघर. आमच्या घरी तर दोन रिकामी माणसे आहेत. तिने नर्सरीतच आणखी एक वर्ष मातीत खेळावे, असे मी सूनबाईंना सांगितले आहे. फी भरायला पंधरा दिवस उरलेत.