मणक्यातला 'गॅप' आणि कडकन वाजणारी मान

नांदेडात कुठल्याही चहाच्या टपरीवर पाच माणसं बसली की दोघांच्या मणक्यात 'गॅप' निघतोच. पोती उचलणारे हमाल, ऊसतोडीला जाऊन आलेली माणसं, रोज मोटारसायकलवर खड्डे खात फिरणारे, दिवसभर खुर्चीवरचे बाबू. दुखणं सगळ्यांचं एकच. पूर्वी उसण भरली की गल्लीतला पायाळू माणूस शोधायचे, कंबरेला त्याचा पाय लावून घ्यायचे. गुण येवो न येवो, नुकसान फार नव्हतं. आता मोबाईलवर रील येतं. मान धरली, झटका दिला, कडकन आवाज, पेशंट हसत उठला. आणि मग तसल्याच शिबिराचं पत्रक हातात पडतं.

आधीच सांगतो, माझं भांडण कायरोप्रॅक्टिकशी नाही. १८९५ साली अमेरिकेतल्या डॅव्हनपोर्टमध्ये डी. डी. पामर यांनी ही पद्धत सुरू केली. बहुतेक आजारांचं मूळ सरकलेल्या मणक्यात असतं, हे त्यांचं म्हणणं आजचं विज्ञान मानत नाही. पण साध्या कंबरदुखीत जाणत्या हाताने काहींना आराम पडतो, साधारण व्यायामाने पडतो तेवढा. सगळा प्रश्न त्या 'जाणत्या' शब्दाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शक सूचनांत पूर्ण शिक्षण चार वर्षांचं आणि किमान ४२०० तासांचं सांगितलंय. त्यातले हजार तास देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांवर. आपल्याकडे मानेला हात घालणाऱ्याला किती तास शिकलास, हे विचारतो कोण?

आता या 'गॅप'चंच बघा. दोन मणक्यांच्या मध्ये चकती असते, अशा एकूण २३. वय वाढलं की चकती सुकते, चपटी होते. म्हणजे एक्स-रेत दिसतं ते अंतर वाढलेलं नसतं, कमी झालेलं असतं! आपण मात्र 'गॅप पडला' ऐकतो आणि दाबला की बुजेल असं धरून चालतो. सुकलेली चकती झटक्याने भरत नाही. आणि तो कडकन आवाज? बोटं मोडताना येतो तोच. सांध्यातल्या पाण्यातल्या वायूचा. त्यावरून नस मोकळी झाली की नाही, काहीच कळत नाही. पण लोक आवाजालाच पैसे देतात राव.

खरी भीती मानेची. मानेत सात मणके. त्यांना दोन्ही बाजूंनी छिद्रं असतात आणि त्या छिद्रांतून मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणारी धमनी वर चढते. पहिल्या मणक्यापाशी ती वळसा घेऊन कवटीत शिरते. वरच्या दोन मणक्यांत तर चकतीच नसते, सगळी भिस्त अस्थिबंधांवर. आमवाताच्या रुग्णात ते सैल झालेले असू शकतात. अशा जागी जोरात पीळ दिला आणि धमनीचं आतलं अस्तर फाटलं, तर गुठळी होऊन लकवा. असं क्वचित होतं, पण होतं. २०१६ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये एका मॉडेलचा मृत्यू मानेवरच्या अशाच उपचारानंतर धमनी फाटून झाल्याचं तिथल्या सरकारी तपासणीत नोंदलं गेलं. सलूनमध्ये दाढीनंतर फुकटात मान मोडून घेणाऱ्या आपल्या पोरांनी हे दोनदा वाचावं.

खाली कंबरेत वेगळाच मामला. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो, पुढे घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा झुबका. मोठी चकती त्यावर दाबली की लघवी अडते, बसायची जागा बधिर होते. तिथं तासांचा हिशेब असतो, ऑपरेशन लागू शकतं. त्यात मणक्याचा टीबी. जगातले सुमारे एक चतुर्थांश टीबी रुग्ण भारतात आहेत, आणि मणक्याचा टीबी सुरुवातीला साध्या कंबरदुखीसारखाच वाटतो. आतून पोखरलेल्या मणक्यावर दणका बसला तर पाय जाऊ शकतात. हाडं ठिसूळ झालेल्या आपल्या म्हाताऱ्या मायमाऊल्यांचंही तेच, दणक्याने मणका पिचतो. झटका देणाऱ्याने आधी ताप, वजन, लघवी, जुने आजार विचारले का? रीलमध्ये तरी कुणी विचारताना दिसत नाही.

लातूरच्या शिकवण्यांमधला नीटचा कुठलाही पोरगा झोपेतून उठवला तरी सांगेल, मणके २६. जन्मतः ३३, खालचे पुढे जुळतात म्हणून. मणक्यावर हात चालवणाऱ्याला निदान एवढं तरी विचारा.

कायद्याचं म्हणाल, तर फिजिओथेरपिस्टची नोंदणी करणारी राज्य परिषद आहे, डॉक्टरांची आहे. कायरोप्रॅक्टरसाठी आपल्याकडे वेगळी वैधानिक परिषदच नाही. बोगस डॉक्टर शोधायला समित्या आहेत, पण मंगल कार्यालयात दोन दिवस बसून तिसऱ्या दिवशी गाव सोडणारा त्यांच्या हाती लागायचा कसा? म्हणून शिबिराची फीत कापणाऱ्या नगरसेवकांना आणि हॉल देणाऱ्या संस्थांना एवढंच म्हणणं आहे: बॅनरवर तुमच्या फोटोच्या आधी उपचार करणाऱ्याची पदवी आणि नोंदणी क्रमांक छापा. नसेल, तर हॉल देऊ नका.

आणि पायात मुंग्या, पायातली शक्ती कमी, रात्रीचं दुखणं, संध्याकाळचा ताप यातलं काही असेल, तर आधी विष्णुपुरीच्या किंवा लातूरच्या सरकारी रुग्णालयात हाडांच्या ओपीडीला दाखवा. लघवी अडली असेल तर ओपीडीची वाट न बघता थेट अपघात विभागात जा. रांग असते, मान्य आहे. सकाळी लवकर निघा.