आजच वही काढा, तारीख टाका

‘मी असं बोललोच नव्हतो. हल्ली तुमच्या काही लक्षात राहत नाही.’ साहेबांकडून हे एकदा ऐकलं असेल, तर गैरसमज म्हणून सोडून द्या. दर आठवड्याला ऐकत असाल, तर सावध व्हा. पाठवलेली फाइल ‘मिळालीच नाही’. मीटिंगचा निरोप देत नाहीत आणि ‘आला का नाहीत?’ म्हणून चारचौघांत झापतात. तुम्ही बोललात, तर ‘फारच मनाला लावून घेता’.

याला गॅसलायटिंग म्हणतात. हे नाव पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९३८ च्या ‘गॅस लाइट’ या इंग्रजी नाटकावरून पडलं. त्यातला नवरा घरातल्या वस्तू लपवतो आणि तुलाच वेड लागतंय, असं बायकोच्या मनावर बिंबवतो. रात्री दिवे मंद होताना तिला दिसतात. ते खरोखरच मंद होत असतात.

म्हणून आजच वही काढा. तारीख टाका. कोण काय बोललं, समोर कोण होतं, ते लिहा. वही घरी ठेवा. काम तोंडी सांगितलं, तर लगेच मेल करा : ‘आपण सांगितल्याप्रमाणे हे शुक्रवारी देते. काही बदल असल्यास कळवावे.’ वाद घालू नका. ‘माझ्याकडे नोंद आहे’, एवढंच शांतपणे सांगा.

हा त्रास ऑफिसात ठेवून घरी येता येत नाही. महिन्याचा हिशेब तोंडपाठ असणारी बाई कुलूप लावून तीनदा मागे फिरते. मुलांनी साधं काही विचारलं तरी दचकते. घरच्यांनो, ‘जाऊ दे, नोकरी आहे’ म्हणू नका. चहा ठेवा, शेजारी बसा, सगळं ऐकून घ्या. तिची झोप उडाली असेल, तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन लावून द्या. तो रात्रंदिवस आणि मोफत चालतो.

त्रास वाढत असेल, तर नोंदी जोडून एचआरकडे लेखी तक्रार करा. बायकांच्या बाबतीत यात लैंगिक छळ असेल, तर २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसांच्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती असायलाच हवी. तिच्याकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार द्या. दिवस मोजा, उशीर करू नका.

आणि तिच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या तुम्हाला कळकळीची विनंती. साहेब काय म्हणाले, ते तुम्हीही ऐकलं होतं. तुम्ही गप्प बसलात की तुमची ही सहकारी स्वतःवरच संशय घेते. मीटिंगमध्ये बोलायचा धीर झाला नाही, हे समजू शकतं. पण उद्या डबा उघडताना तिच्याजवळ बसा. म्हणा, ‘तुझं बरोबर होतं. मीही ऐकलं.’ दिवे मंद झालेत, हे तुम्हालाही दिसतंय. तिला सांगा. उद्याच सांगा.